ताईच्या अंगाखालचं कापड

२ मार्च

पोचले बाई एकदाची! शिलाईचं हातमशीन अख्खा प्रवास मांडीवर घेऊन बसले होते, बसच्या टपावर टाकायला जीव धजेना. शेजारचा माणूस दर वळणावर मशीनकडे असा बघायचा, की आता हे माझ्याच अंगावर येणार. शेवटच्या वळणावर आलंच. मी माफी मागितली, त्यानं गुडघा चोळला, आणि दोघांनाही हसू आलं.

तळ्याकाठच्या या कॅम्पवर तंबू दुरुस्त करायचे, ही माझी नोकरी. हंगामाला अजून अवकाश आहे, त्यामुळे सध्या इथे चिटपाखरू नाही. गोदामात कॅनव्हासचे तंबू घड्या घालून पार छतापर्यंत रचलेत. कुणाला उंदरांनी कुरतडलंय, कुणाची कनात, म्हणजे बाजूची कापडी भिंत, उसवलीय. फाटकं दिसलं की माझे हात शिवशिवतात, त्यामुळे इथे माझं छान जमेल.

राहायला खोली आहे, पण तिचं छप्पर उतरवून ठेवलंय. नवे पत्रे येईपर्यंत तंबूत राहा, असं मुकादम म्हणाले. हे खरं तर कॅम्पचे व्यवस्थापक, पण सगळे त्यांना मुकादमच म्हणतात. तंबू ऐसपैस आहे. मधे उभं राहता येतं, एक खाट आहे, दाराचा पडदा वर बांधला की समोर तळं दिसतं.

येत्या रविवारी ताई येणार. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, शिवायला शिकवलं, आणि माझे केस पिकले तरी मला अजून ‘ठमे’ अशीच हाक मारते. कारखान्यात जन्मभर कापसाची कुसं खाऊन तिची छाती खराब झालीय. डॉक्टरांनी सांगितलंय, मोकळी हवा द्या, पण ओल अजिबात लागू देऊ नका. पुन्हा छातीत ओल धरली तर या खेपेला आपल्या हातात काही नाही, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. तेव्हा पहिलं काम म्हणजे तंबूत खाली अंथरायला चांगलं कापड बघायचं. या तंबूंना बूड नसतं, आत थेट जमीनच असते.

३ मार्च

खालच्या कापडाबद्दल मुकादमांचे नियम ऐकून घेतले. अंथरण्याआधी जमिनीवर अनवाणी फिरायचं, म्हणजे खडे कळतात. कापड तंबूपेक्षा चारी बाजूंनी वीतभर कमीच कापायचं, कनातीपर्यंत न्यायचं नाही. कडेची माती उघडी दिसली पाहिजे. बाहेर डोकावणाऱ्या कापडावर पावसाचं पाणी साचतं, हे त्याचं कारण. रोज सकाळी कापड गुंडाळून जमिनीला ऊन दाखवायचं. आणि झोपायचं ते खाटेवरच.

मी म्हटलं, जमिनीचे इतके लाड तर कुणी जावयाचेही करत नाही. ते हसले नाहीत. दुसरी खाट मागितली, तर म्हणाले पत्र्यांच्या ट्रकमधून येईल. बोलताना सारखे पायानं माती चाचपत होते.

४ मार्च

बाजारात एकच दुकान आहे या कामाचं. त्यात चष्मा कपाळावर ठेवून एक बाई बसते, तिला गाव ताडपत्रीवाली म्हणतं. मी पडले शिवणारी, मला बोटांनी चिमटल्याशिवाय कापड कळत नाही. तिनंही कौतुकानं एकेक थान उलगडून दाखवलं. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री, हलकी, धुवायला सोपी, पण पाऊल टाकलं की कुरकुरते. मेणकापड, म्हणजे मेण पाजलेलं जाड सुती कापड. मऊ असतं, पाणी अडवतं, तरी हवा खेळती राहते. आणि रबराचं. काळं, मढ्यासारखं जड. त्यातून खालचं वर आणि वरचं खाली काही म्हणजे काही जात नाही, असं ती म्हणाली. मी त्याचा कोपरा उचलून पाहिला आणि ठेवून दिला.

निळी ताडपत्री घेतली. ताईला निळा रंग आवडतो, हे कारण शहाण्या माणसाला सांगण्यासारखं नाही, पण तेच खरं आहे. वीतभर कमी कापली, कडा दुमडून टीप मारली.

७ मार्च

ताडपत्री बाद. सकाळी गुंडाळली तर खालून घामेजलेली, हात ओला झाला. ताईला यावर आणून ठेवलं तर डॉक्टर माझीच खरडपट्टी काढतील. ताडपत्रीवालीनं कुरकुर न करता बदलून मेणकापड दिलं.

एक गंमत झाली. नवं कापड घालण्याआधी अनवाणी फिरले, तर मधेच एका जागी माती कोमट लागली. नुकतंच कुणी उठून गेलेलं अंथरूण असावं तशी. ऊन पडदा ओलांडून तिथवर येत नाही. खाली गरम पाण्याचा झरा असेल म्हटलं, आणि कापड अंथरलं.

९ मार्च

ताई आली! बसमधून तिच्याआधी तिचा खोकला उतरला. आधी दोन छोटे, मग एक लांबलचक, आणि शेवटी कपाळाला आठ्या घालून ‘मेलं हे!’ हा क्रम मी लहानपणापासून… नाही, लहानपणी ती खोकत नव्हती. पण आता खोकल्याशिवायची ताई आठवतच नाही.

आल्या आल्या तिनं माझ्या टाक्यांना नावं ठेवली, कंबरेवर हात देऊन तळं पाहिलं आणि तळ्यालाही काहीतरी नाव ठेवलं. मग खाट नाकारली. म्हणे तुझी खाट झोळीसारखी आहे, माझी पाठ धरेल. लहानपणी मी खाटेवरून पडायची, म्हणून ती मुद्दाम खाली गादी टाकून निजायची, मला झेलायला. आताही तेच करते म्हणाली. मुकादम पत्रे आणायला शहरात गेलेत, नाहीतर त्यांनी नक्की हटकलं असतं. मी बरंच समजावलं. पण ताईपुढे माझं काही चालत नाही, कधीच चाललेलं नाही.

१० मार्च

कडेच्या उघड्या मातीवरून वारा आत येतो आणि ताईच्या पाठीला लागतो. ती दिवसभर खोकली. मग मेणकापडाला चारी बाजूंनी पट्ट्या जोडल्या आणि ते कनातीला टेकवलं. ताईनंच शिकवलेली दुहेरी टीप मारली, ओढून तुटायची नाही. पावसाचा पत्ता नाही, मग पाणी साचणार कुठून? नियम करणाऱ्याला ताईची छाती माहीत नव्हती.

ताईनं तिच्या वाकड्या बोटानं शिवण चाचपली. कारखान्यात सुई आरपार गेल्यापासून तिची डावी तर्जनी आकड्यासारखी वळलेली आहे. त्या बोटानं पास केलं म्हणजे शिवण पास.

१२ मार्च

ताई उशिरापर्यंत झोपते. तिला उठवून कापड कोण गुंडाळणार? काल नाही उचललं, आज नाही. पण खोकला कमी झालाय! कामावरून मधेच येऊन ऐकलं, छातीतली घरघर पण नाही. मला तर नाचावंसं वाटलं. या वयात नाचले असते तर तंबूच कोसळला असता.

१४ मार्च

खोकला पूर्ण थांबला. तोंडावर तेज आलंय, भरभर जेवते, बादली एका हातानं उचलते. मी देवाचे आभार मानले, मोठ्यानं.

एवढं सगळं चांगलं चाललंय, तरी मला स्वस्थता नाही. गोदामात बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते कळत नाही. एकच शिवण दोनदा उसवली. ताईनं ती पाहिली आणि काहीच नाव ठेवलं नाही. छान झालीय म्हणाली. आजवरच्या आयुष्यात ती मला छान झालीय म्हणालेली नाही.

ठमे म्हणूनही हाक मारलेली नाही, परवापासून.

१५ मार्च

दुपारी दोरा आणायला तंबूत शिरले. ताई खोकली. दोन छोटे, एक लांब, आणि ‘मेलं हे’. मी न वळताच म्हटलं, झालं का सुरू पुन्हा? वळले तर गादी रिकामी.

ताई बाहेर नळावर होती. दारातून स्पष्ट दिसत होती, चादर पिळत होती. तोंड मिटलेलं.

तळ्यावरून आवाज घुमून येतो, इथे तसं होत असणार. काठावरच्या माणसाचं बोलणं पाठीमागून आल्यासारखं वाटतं. पण मग गादी सरकवून पाहिली. मेणकापडावर एक ओला डाग होता, वाटीच्या तोंडाएवढा. पुसला. मी बघत असतानाच तो पुन्हा उमटला. आधी कोमट, मग गार.

ओल! नेमकी ताईच्या डोक्याखाली. एवढं सावरून आणलेलं सगळं मातीत जाणार.

१७ मार्च

रबराचं आणलं. ताडपत्रीवालीनं विचारलं, खालचं शेवटचं कधी उचललं होतंत? मी म्हटलं, बहीण आजारी आहे, जमेल तसं उचलते. तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मग घडी बांधून दिली.

मेणकापड काढायला गेले तर ताई म्हणाली, असू दे, वरूनच घाल. तिनंच घातलं. तो जड गठ्ठा एका हातानं ओढत नेला, कनातीला चारी बाजूंनी शिवूनही टाकला. बारीक, एकसारखे टाके. मी नुसती सुया ओवून देत होते. रबर पुरतं पसरण्याआधी खालून कसलीशी धडपड झाल्यासारखं वाटलं, उंदीर असावेत. ताईनं पायानं कापड दाबून धरलं.

नंतर सगळं शांत झालं. किती दिवसांनी कानांना काही ऐकू आलं नाही. मी गाढ झोपले, लिहायला लाज वाटावी इतकी गाढ.

१९ मार्च

मुकादम परत आले. तंबूत डोकावले आणि दारातच थांबले. कापड कनातीला शिवलंय, हे बघून त्यांचा चेहरा उतरला. किती दिवस उचललं नाही, विचारलं. मी सांगितलं. खाली कोण झोपतं, विचारलं. तेही सांगितलं.

मग मला गोदामामागे नेलं. म्हणाले, आजच्या आज कापड उचला. इथली जमीन झाकून ठेवली, की वरच्या माणसाचं माप घेते आणि त्याच्याशी जागेची अदलाबदल करते. मोकळी ठेवली, ऊन दाखवलं, तर काही करत नाही. आणि बहिणीला विचारून उचलू नका. तिला विचारूच नका.

मला संताप आला. माझी बहीण बरी झालीय, हे यांच्या डोळ्यांत खुपतंय की काय? मी त्यांना फटकन बोलले. पत्र्यांचा ट्रक खालच्या रस्त्यावर अडकलाय, तिकडची माणसं घेऊन परवा येतो, तोवर थांबू नका, असं सांगून ते गेले.

ताई तंबूच्या दारात उभी होती. आम्ही काय बोललो, तिनं विचारलं नाही.

२० मार्च, सकाळ

मुकादमांचं सांगणं डोक्यातून जात नाही. सहज बोलल्यासारखं विचारलं, ताई, ठमी खाटेवरून पडायची तेव्हा खाली कोण असायचं गं?

ती म्हणाली, कोण ठमी?

२० मार्च, दुपार

भाजी निवडताना पाहिलं. डाव्या हाताची तर्जनी. सरळ आहे. काडीसारखी सरळ.

ती बघतेय हे मला कळलं. बोट तिनं लपवलं नाही. म्हणाली, तुला मी खोकायला नको होते ना? कोरडी हवी होते ना? अगदी प्रेमानं म्हणाली.

हो. हवीच होती. म्हणून मी आधी कडा बंद केल्या. मग वरून रबर. त्यातून काही जात नाही, हे मला सांगितलेलं होतं. चिमटून, पारखून, मीच आणलं—

ताई खाली आहे. माझी ताई. आणि मी तिची हवा—

२० मार्च, संध्याकाळ

कापड उचलू देत नाही. भांडत नाही, नुसती गादीवर बसून राहते. जेवण पण तिथेच. मी पाय लटकवून खाटेवर. पाय खाली टेकवत नाही.

मागच्या कनातीशी ओणवी झाले, काहीतरी पडल्याचं निमित्त करून. कान लावला. रबर गार.

खूप वेळानं. दोन छोटे.

लांबलचक आला नाही. तेवढा दम नसेल—

२१ मार्च

ती तळ्यावर गेलीय. मीच पाठवलं, साबण काठावर विसरला म्हणून; कशी कोण जाणे, उठली. धावत परत आली तर—नाही, ती धावत नाही.

मुकादम अजून नाहीत. कात्री घेतली. रबर कापताना हात सोलले. फाटलं. आता खालचं मेणकापड, माझ्या दुहेरी टिपेचं. सुटत नाही. एवढी पक्की कशाला मारली गं मी—

भोक पडलं.

ओला, कोमट वाफारा आला. आणि बोट. वाकडं. मातीनं भरलेलं, आकड्यासारखं वळलेलं. माझी करंगळी धरली. ताई. ताई गं.

डावा हात तिच्याकडे आहे, उजव्यानं लिहितेय. मुकादमांना कळायला हवं कुठे खणायचं ते. वही शेवटी खाटेवर टाकीन.

ओढतेय. येत नाहीये. माती भुसभुशीत आहे, पण खाली कुणीतरी तिला धरल्यासारखं—

खोकली! दोन छोटे आणि लांब. ‘मेलं हे’. हसू आलं मला, रडू पण. ठमे म्हणाली. ऐकलं मी, ठमे म्हणाली.

आता ती माझा हात ढकलतेय. का ढकलतेस? ताई, धर ना. सोडू नको—

दारातला उजेड गेला. मागे कुणीतरी उभं आहे. खोकत नाही.

माझे गुडघे मातीत गेलेत. कोमट आहे. पाय निघत नाही—ताई खालून मला वर लोटतेय, झेलतेय—

मुकादम, आम्ही दोघी इथेच आहोत, तंबूच्या मधोमध. आधी कापड उचला. वर कुणी माझ्यासारखी दिसली, चहा विचारू लागली, तरी तिला काही विचारू नका. आधी कापड उच